शेजारची चूल

कुंदाने त्या सकाळी सहा माणसांचं पीठ मळलं. मोजून नव्हे, हाताला माप बसलं होतं. ती स्वतः, नवरा सुकलाल, सासू भुरीबाई, धाकटी जाऊ सुनिता, सुनिताची शीतल आणि सुट्टीवर आलेला आपला मुलगा धर्मेंद्र. सुनिताचा नवरा नवल गेल्याला आठ वर्षं झाली, तेव्हापासून धर्मेंद्र घरी असला की हेच माप. शीतल मोठी होत गेली तशी तिची अर्धी भाकर पुरी झाली, एवढंच. आणि तेवढ्यावरून कुंदाने दोन-तीनदा असं तोंड सोडलं होतं की सगळ्या धवलापाणी पाड्याने ऐकलं. धाकट्या जावेला घराबाहेर काढायला ही टपलेली आहे आणि म्हातारी जिती आहे म्हणून तिचं काही चालत नाही, असं पाड्याचं मत होतं. मत अगदीच खोटं नव्हतं.

आणि आज नेमकी तीच गोष्ट तिच्या पोटच्या पोराने काढली होती.

"आई, नीट आयक," धर्मेंद्र चुलीपाशी उकिडवा बसून सांगत होता. धुळ्याच्या कॉलेजात समाजकार्य शिकून तो वर्षभरापूर्वी धरणगावच्या एका संस्थेत लागला होता, पण आईशी बोलताना त्याची जीभ अजून पाड्याचीच होती. "आज शाळाजवळ बैठक शे. पाड्यामा बठ्ठासमा गरीब घरे कोनते, ते लोकेच ठरावतीन. त्या घरले दोन वरीस मदत भेटी. बकऱ्या भेटतीन, त्यास्ना दवापानी करानं शिकाडतीन, सुरवातले घरमा धान्य पुरी असं देखतीन. आनि दर आठवडाले एक ताई घर येई. नुसतं काही दिनं आनि निंघी गयात, असं नही."

"मंग सुनितानं नाव घाला ना," सुकलाल दारातून म्हणाला. तो फटफटी पुसत होता. ती फटफटी, तीन एकरांचा खडकाळ वनपट्टा आणि धर्मेंद्रची नोकरी एवढ्या जोरावर सुकलालचं घर पाड्यात 'बरं चाललंय'मध्ये मोजलं जायचं.

"तेच तं जमत नही, नाना. घर म्हनजे चूल. एक चूल, एक घर. काकू आपली चूलवर जेवस, म्हनजे ती आपला घरमाच मोजाई जाई. तिनं असं घरच नही."

कुंदाच्या हातातली भाकर तव्यावर जरा वाकडी पडली.

"एक दिवस तीन दगड मांडी देवो," सुकलाल म्हणाला. "तपासनारा येतीन, देखतीन, जातीन."

"दोन वरीस येनार शेत त्या, नाना. दर आठवडाले. दोन वरीस काय नाटक करसूत? आनि मीच त्यास्ना मानूस. मी खोटं नही लिखनार."

"मंग येगळी चूल कोनी मांडानी?" कुंदा एकदम वळली. "मी? मना तोंडले नका लावा हाई. आठ वरीस लोके वाट देखी ऱ्हायनात, कुंदा कधय काढस तिले. आज तिनी चूल येगळी व्हयनी तं मनंच नाव व्हई. मी नही म्हनस."

सुकलालने बायकोकडे बघितलं. जिने एवढी वर्षं ही मागणी लावून धरली, तीच आज आडवी पडत होती. आणि तो स्वतः, ज्याने भावाच्या बायकोची बाजू घेऊन कितीदा तरी ताट लोटलं होतं, तो आज तिच्यासाठी दगड मांडायला निघाला होता. घरातली माणसं एका सकाळीत अशी जागा बदलतात, हे त्याला नवीन होतं.

"हे आपलाच पाड्यावर काढेल नही," धर्मेंद्र हट्टाने म्हणाला. "आधी बांगलादेशमा करं. मंग आफ्रिकामा, पार दक्षिण अमेरिकामा करी देखं. बठ्ठाले नही, पन गंज लोकेस्ले उपेग व्हयना. काही वरीस गयात तरी बी त्या परत खाले नही पडनात."

कोपऱ्यातून भुरीबाई पहिल्यांदा बोलली. "तठेबी चुलीच मोजतस का रे?"



"मना जितेपनी या घरनी चूल फुटाव नही," म्हातारी म्हणाली. "मी पंचास्मा सांगेल शे." आणि ती काठी घेऊन उठून अंगणात गेली. तिच्या पुढे या घरात कुणी बोलत नसे.

सुनिता पाण्याचे हंडे घेऊन कुडाच्या मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ऐकायचं म्हणून ती थांबली नव्हती. पण एकदा आपलं नाव कानावर आल्यावर पाय उचलेना.

नवल ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. तिकडे रात्रीच्या भरणीत ट्रॉली उलटली. तेराव्याला भुरीबाईने पंचांसमोर सुनिताचा हात धरून सांगितलं होतं, "सुनिता मनासंगे जेवी. मना घरनी चूल एकच ऱ्हाई." त्या शब्दावर सुनिता आठ वर्षं उभी होती. विधवा सुनेला तीन दगड वेगळे मांडून द्यायचे म्हणजे तिला घराबाहेर काढायचं, हे पाड्यात पोरासोरांना माहीत. तिला कुणी काढलं नाही. कुणी उपाशी ठेवलं नाही. याचे उपकार तिला वाटत होते, अगदी मनापासून वाटत होते. पण आठ वर्षांत तिने पिठाच्या डब्याला हात लावला नव्हता. लाकडं तिने आणायची, पाणी तिने आणायचं, चैत्रात मोहफुलं तिने वेचायची, मजुरीला तिने जायचं. आणि वाढतील ते खायचं.

तेही तिने आयुष्यभर केलं असतं. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई अर्धा कोयता. इतकी वर्षं तिने दुसऱ्या एका विधवेबरोबर जोडी केली होती. यंदा ती बाई कमरेने बसली. मुकादम मागच्या महिन्यात येऊन गेला, दारात उभं राहून त्याने शीतलकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोर हाताशी उनी ना आते. तुम्ही दोन्ही जन्या, पुरा कोयता व्हयना." शीतल दहावीत होती. टोळी दसऱ्यानंतर निघायची, ती परतते तोवर परीक्षा होऊन जाते.

सुनिताला बकऱ्या हव्या होत्या. हंडे खाली ठेवताना तिला स्वतःचीच भीती वाटली, इतक्या त्या हव्या होत्या.

शाळेसमोरचं पटांगण सारवून त्यावर रांगोळीने सगळा पाडा काढला होता. नाला, देवाचं झाड, हातपंप, घरं. प्रत्येक घराची एक चिठ्ठी. पुना आबा, पाड्यातला सगळ्यात वडील माणूस, एकेक चिठ्ठी उचलायचा, नाव वाचून घेतलं जायचं आणि लोक ओरडून सांगायचे कुठल्या रांगेत ठेवायची. रांगा चार होत्या, सगळ्यात गरीब घरांपासून सगळ्यात सुखी घरांपर्यंत. संस्थेच्या सुनंदाताई वहीत लिहून घेत होत्या. धर्मेंद्र मुद्दाम लांब, हातपंपापाशी उभा राहिला होता. आपल्याच पाड्याच्या बैठकीत त्याने बोलायचं नाही, असं ठरलं होतं.

भुरीबाईच्या घराची चिठ्ठी निघाली तेव्हा पुना आबाला मागची गंमत आठवली. "या घरले इचारू नका, ताई. मागे सरकारी गरिबीनी यादीवाला उनात तधय या म्हातारीनी पाहुना म्हनीसन पाड्याभरतून खाटा मांगी आनी, स्टीलना भांडा मांगी आना. त्या साहेबनी देखं, घरमा चार खाटा, फळीवर भांडा. गयं ना नाव कटी!"

लोक हसले. भुरीबाई हसली नाही. घरी कुणी आलं आणि टेकायला खाट नाही, ही लाज तिला आजही यादीपेक्षा मोठी वाटत होती.

चिठ्ठी तिसऱ्या रांगेत गेली. 'बरं चाललंय.' पुना आबाने पुढची उचलली.

"मनी चिठ्ठी नही शे."

आवाज बायकांच्या घोळक्यातून आला होता. सुकलालने मान वळवली. सुनिता उभी होती. पदर डोक्यावर नीट, एका हाताने शीतलचा खांदा धरलेला. सुनिता बैठकीत कधी बोलली नव्हती. बैठकीत काय, घरातही चार माणसांत ती बोलत नसे.

"काय म्हणालात, ताई?" सुनंदाताईंनी विचारलं.

"पाड्यामा बठ्ठास्न्या चिठ्ठ्या शेत. सुनिता नवल, असं नाव कोठेच नही."

कुणीतरी खोकललं. सुनंदाताईंनी वही गुडघ्यावर ठेवली. "तुमची चूल वेगळी आहे का?"

सुनिताने शीतलचा खांदा घट्ट धरला. खोटं तिला येत नव्हतं आणि खरं बोलायची हिंमत होईना. ते सुकलालला बघवलं नाही.

"हाव," तो मोठ्याने म्हणाला. "येगळीच शे."

"कधयपासून रे?" शेजारची वच्छलाबाई फटकन म्हणाली. "कालदिन तं मनासमोर कुंदाना हातनी भाकर खायनी ती!"

या वेळी कुणी हसलं नाही. सुकलालचे कान तापले. पंचेचाळिशी उलटलेला माणूस पोरासारखा खोटं बोलताना पकडला गेला, तोही भर पाड्यात, आणि पोरगा हातपंपापाशी उभा राहून बघतोय. तो खाली रांगोळीकडे बघत राहिला. पांढऱ्या रेघांत त्याचं घर एवढंसं दिसत होतं.

मग काठीचा आवाज झाला. भुरीबाई उठून पुढे येत होती. ती थेट रांगोळीपर्यंत आली आणि सुनंदाताईंसमोर थांबली.

"पोरी, खोटं नको लिखू. चूल एकच शे. मीच ठेवेल शे एक." तिने दम घेतला. "मना बाप मरना तधय मन्ही मायले काकास्नी तीन दगड दिनात. आंगनमा, उघडावर. मी इतलीशी व्हती. पाऊस ये, दगड भिजी जायेत, लाकडं पेट नही घेत. माय फुकी फुकी डोया लाल करी ले. ते देखीसन मी ठरायेल व्हतं, मना घरमा कोनीच बाईले दगड नही देवाना."

सगळे ऐकत होते. वच्छलाबाईनेही पदर तोंडाशी नेला.

"आते हाई मांगी ऱ्हायनी ना, तोंडघाई मांगी ऱ्हायनी." म्हातारीने सुनेकडे पाहिलं नाही. "मी एक चूल ठेवी ते तिनासाठे ठेवी. तिले आडवी येवासाठे नही ठेवी. आज नही शे येगळी. सकाय ये तू. तिना घरवर धूर दिसी."

"आजी, चूल वेगळी झाली म्हणून यादीत नाव येईलच, असं मी कबूल नाही करत," सुनंदाताई म्हणाल्या. "उद्या आम्ही घरोघर फिरणार आहोत. जे खरं असेल ते लिहू. आणि ती खरंच वेगळी राहायला पाहिजे."

"खरीच ऱ्हाई," भुरीबाई म्हणाली. "तेच तं दुख शे."

पुना आबाने एक कोरी चिठ्ठी उचलली, शीतलच्या हातात दिली आणि म्हणाला, "लिख वं पोरी, तुन्ही मायनं नाव." ती चिठ्ठी त्याने रांगेत ठेवली नाही. उद्यापर्यंत असू दे म्हणून रांगोळीच्या कडेला, दगडाखाली ठेवली.

भुरीबाईने दगड स्वतः निवडले. नाल्यातून तीन गुळगुळीत, काळे. शीतलने माती आणली. अंगणापलीकडे कुडाची एक खोली होती, तिथेच मायलेकी निजायच्या. तिच्या कोपऱ्यात, छपराखाली, म्हातारीने गुडघ्यांवर बसून दगड बसवले आणि हाताने लिंपले. सुनिता मदतीला वाकली तर तिने तिचा हात बाजूला केला. "माले करू दे."

दगड बसले. आता विस्तव. पहिला विस्तव थोरल्या चुलीतून न्यायचा असतो, काडेपेटीने नवी चूल पेटवत नाहीत. भुरीबाई खापर घेऊन कुंदापाशी आली.

"दे."

"तुमीच ल्या ना, माय," कुंदा पुटपुटली. "बठ्ठा पाडा देखी ऱ्हायना."

"तेन्हासाठेच तू दे. चूल तुनी शे."

कुंदाने बाहेर पाहिलं. कुडाशी वच्छलाबाई होती, आणखी चार-पाच जणी होत्या. त्या उद्या काय बोलतील हे कुंदाला शब्दासकट ठाऊक होतं. आठ वर्षं तिने मनात हा दिवस किती वेळा मांडला होता! त्यात ती अशी घामाघूम नव्हती. तिने चिमट्याने तीन निखारे उचलून खापरात ठेवले. मग काय वाटलं कोण जाणे, आत गेली, पिठाचा डबा उघडला आणि टोपलीत पीठ घालायला लागली. दोन मुठी, चार, सहा. थांबलीच नाही. भुरीबाईनेच शेवटी म्हटलं, "पुरे, तुलेबी लागी."

म्हातारी खापर घेऊन अंगण ओलांडत होती तेव्हा धर्मेंद्र दारात उभा होता. कॉलेजात त्याने हे सगळं पाठ केलं होतं. घराची व्याख्या, पात्रतेचे निकष, पडताळणी. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. पण एका चुलीचं दुसऱ्या चुलीपर्यंतचं अंतर चालायला आजीला किती वेळ लागतो, हे त्यात नव्हतं. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

सुनिताची पहिली भाकर मोडली. हातच विसरले होते. दुसरी जरा जमली. शीतलने मोडकी भाकर उचलली आणि मीठ लावून तशीच खाल्ली.

दिवेलागणीला मुकादमाचा फोन आला. तो पाड्यात सगळ्यांना विचारतच होता. सुनिता दाराशी येऊन बोलली, रेंज तिथेच यायची. "नही," ती म्हणाली. "शीतल नही येनार. मीबी नही." पलीकडून तो बराच वेळ बोलत राहिला. "यादीमा नाव येवो का नको येवो," सुनिता म्हणाली, "पोर शाळामा जाई." मग फोन कापून ती चुलीपाशी परत गेली.

इकडे कुंदाने ताटं वाढली. सुकलाल, धर्मेंद्र, सासू. भुरीबाईने पाट नेहमीच्या जागी ओढला होता. ती सुनिताकडे जेवायला गेली असती तर कुंदाचा पाड्यात अपमान झाला असता, आणि इथे बसली तर 'मनासंगे जेवी' हा शब्द मोडत होता. तिने शब्द मोडला. दुपारपासून ती ज्यातून जात होती, त्यात हे सगळ्यात कठीण होतं.

सगळे बसले तेव्हा कुंदाचं लक्ष टोपलीकडे गेलं. भाकऱ्या जास्त होत्या. सवयीने तिने सहा माणसांचं पीठ मळलं होतं. ती त्या भाकऱ्यांकडे बघत राहिली. याच भाकऱ्यांवरून ती किती बोलली होती! कोण किती खातं ते मोजलं होतं, पोरीच्या ताटावर डोळा ठेवला होता. आता त्या उरल्या होत्या आणि कुणी खायला नव्हतं.

"मी इसरी गयी," ती म्हणाली. "माय, आते काय करू? दिनं तं चूल येगळी ऱ्हाई का? धर्मेंद्र, चालस का रे ते?"

धर्मेंद्रच्या वहीत याला उत्तर नव्हतं. भुरीबाईच्या डोक्यात होतं.

"शेजारले देतस ना आपन? वच्छलाले देतस ना?" ती म्हणाली. "शेजार शे ते आते. देई ये."

कुंदाने ताटलीत दोन भाकऱ्या ठेवल्या, वर थोडी चटणी. अंगण बारा पावलांचं होतं. त्या खोलीत ती आजवर हवं तेव्हा शिरायची, फणी घ्यायला, पोरीला हाका मारायला, नुसतंच भांडायला. आज ती दाराबाहेर थांबली.

"सुनिता," तिने हाक मारली. "शे का वं घरमा?"

"ये ना अक्का," आतून आवाज आला. सुनिता बाहेर आली. दोघींनी एकमेकींकडे फार पाहिलं नाही. सुनिताने ताटली घेतली, भाकऱ्या आपल्या ताटात काढून ठेवल्या आणि क्षणभर इकडेतिकडे बघत राहिली. शेजारची ताटली रिकामी परत करायची नसते, हे इथल्या पोरी चालायला लागतात तेव्हाच शिकतात. खोलीत देण्यासारखं काय होतं? छपराला एक गाठोडं टांगलेलं होतं, दुपारी भुरीबाईने तिच्या वाट्याचं म्हणून आणून दिलेलं. सुनिताने ते सोडलं आणि ताटलीत मूठभर वाळलेली मोहफुलं घातली. थोडी कमी वाटली म्हणून आणखी एक मूठ घातली.

कुंदा ताटली घेऊन परत आली तेव्हा भुरीबाईने विचारलं, "काय दिनं?"

"मोहफुलं."

म्हातारीने हात पुढे केला. ताटलीतलं एक फूल उचलून तिने तोंडात टाकलं आणि दात नसलेल्या हिरड्यांनी सावकाश चघळत बसली. सुनिताने वेचलेली मोहफुलं तिने आठ वर्षं खाल्ली होती. सुनिताने दिलेलं ती आज पहिल्यांदा खात होती.